भोळ्याला कोर्ट सोडतं म्हणे

मला कोर्टात बसवत नाही. बाकड्यावर टेकले की लगेच उठावंसं वाटतं, उठले की कुठं जावं कळत नाही. मग मी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चकरा मारते आणि दाराशी उभा शिपाई माझ्याकडे बघून मान हलवतो. माझा धाकटा भाऊ मात्र असा बसायचा, की असा एक जरी विद्यार्थी माझ्या वर्गात असता तर माझं डोकं शांत राहिलं असतं. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून चप्प बसवलेले केस, दोन्ही हात मांडीवर. पुकारा झाला की ताडकन उभा राहून म्हणायचा, "हजर साहेब!" लोक हसायचे. तोही त्यांच्याकडे बघून हसायचा. आपलं आजचं काम फत्ते झालं असं त्याला वाटायचं.

तो आरोपी होता. तिशी कधीच ओलांडलेला, अंगाने धडधाकट, आणि जन्मापासून बुद्धीने लहान. आमच्या गावात त्याला कोणी वेडा म्हणत नाही, भोळा म्हणतात. या गोष्टीचं मी बाहेर नेहमी कौतुक करत आले. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत रोपांच्या पेंढ्या डोक्यावर वाहून बायांना पुरवायच्या, म्हशी चारून आणायच्या, लग्नाच्या पंगतीत पाणी वाढायचं, ही कामं तो मन लावून करायचा. वार कोणता ते विचारलं तर मात्र आठवडी बाजाराचा दिवस सोडून त्याला काही सांगता येत नसे. काल झालेलं आणि गेल्या वर्षी झालेलं त्याच्या लेखी सारखंच.

त्याच्यावरचा आरोप असा होता की त्याने आमच्या शेतातल्या धानाच्या बांधीभोवती विजेची जिवंत तार लावून अस्वल मारलं. नागभीडहून आत जंगलाकडे आमचं गाव. तिकडे धान निसवून लोंब्या आल्या की रात्रीची रानडुकरं उतरतात आणि वर्षाची मेहनत तासाभरात लोळवून जातात. कोणी जागल करतं, कोणी चोरून तार लावतं. तार लावणं गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि सकाळी लवकर उठून ती काढून ठेवायची हेही माहीत असतं. त्या सकाळी तारेशी डुक्कर नव्हतं, अस्वल पडलं होतं. वनखात्याची गाडी आली, शेत कोणाचं, तार कोणी लावली, अशी विचारपूस सुरू झाली. तेव्हा माझा धाकटा भाऊ पुढे झाला आणि म्हणाला, "तार मी लावली साहेब. चूक झाली साहेब."

तार त्याने लावली नव्हती. माझ्या थोरल्या भावाने, दादाने लावली होती.

मी आरमोरीला शाळेत शिकवते. फोन आला तेव्हा वर्गावर होते. गावी पोचेपर्यंत धाकट्याला घेऊन गेले होते आणि घरात चहा चालला होता. हो, चहा. गावातली चार जाणती माणसं ओसरीवर बसली होती आणि कोणाच्याच चेहऱ्यावर फारशी काळजी नव्हती. मी उभ्या उभ्या विचारलं, हे कोणी ठरवलं? त्यातले एक म्हातारे, ज्यांच्या मांडीवर मी लहानपणी खेळले आहे, मला समजावून सांगू लागले.

"बाई, तू शिकेल आहेस, तुले समजाले पायजे. तुया दादाले नेलं असतं तं पाच-सात वर्ष आत गेला असता. याले काऊन ठेवतीन? साहेब पाह्यते, दोन गोष्टी विचारते, भोळा आहे म्हनते अन् सोडून देते. कोर्टाले का दयामाया नाई?"

"अन् नाही सोडलं तर?"

"सोडतेच. भोळ्याले कोर्ट सोडते."

हे वाक्य त्या दिवशी मी गावात इतक्या तोंडून ऐकलं की मला शंका यायला लागली, कुठे खरंच असा कायदा आहे की काय. त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं. तसं असतं तर मला सोपं गेलं असतं, मी चारचौघांत त्यांची अब्रू काढली असती. पण त्यांनी धाकट्याला बळी दिलाय असं त्यांना वाटतच नव्हतं. आपण ज्याला कधी रागावलो नाही, ज्याच्या ताटात दोन घास जास्तच वाढले, त्याला सरकारही तसंच वागवेल असा त्यांचा सरळ हिशेब होता. गाव जसं, तसं कोर्ट. अशी चूक आमच्याकडचीच माणसं करू जाणतात.

दादा आतल्या खोलीत बसला होता. मी त्याला नाही नाही ते बोलले. बाबा गेले तेव्हा दादा शाळेतून निघाला आणि नांगरामागे लागला. माझं शिक्षण त्याने केलं, माझं लग्न त्याने लावलं. धाकट्याची दाढी आजही तोच करतो, कारण दुसऱ्या कोणाच्या हातात वस्तरा दिसला की धाकटा पळतो. अशा माणसाशी भांडताना आपलाच आवाज आपल्याला परका वाटतो. शेवटी तो एवढंच म्हणाला, "मी गेलो तं या घराले कोन पाह्यन? लेकरं लहान आहेत. माय खाटीवर. तो येते वो बाई आठ दिवसांत." आणि वहिनी चुलीपुढून न वळता म्हणाली, "दोघांतला एक तं जानारच आहे. तुमी सांगा बाई, कोन जावं."

मी बाहेर येऊन अंगणात फेऱ्या मारत राहिले. तोंड उघडलं तर एक भाऊ आत, मिटलं तर दुसरा.

आठ दिवसांत तो आला नाही. अस्वल मारणं हा मोठा गुन्हा निघाला, जामीन लांबत गेला. मी आणि दादा जेलवर भेटायला जायचो. धाकटा जाळीपलीकडून घरच्या म्हशींची चौकशी करायचा. जामीन झाला तेव्हा जामीनदार म्हणून दादाच उभा राहिला. याच्यावर नीट देखरेख ठेवीन, याच्या हातून कोणाला इजा होऊ देणार नाही, असं त्याने कोर्टात लिहून दिलं. सही करताना त्याने पेन इतकं दाबलं की कागद फाटला आणि क्लार्क म्हणाला, सावकाश करा भाऊ, घाई नाही.

मग तारखा सुरू झाल्या. सरकारकडून मोफत मिळालेली वकील नवीन होती, माझ्यापेक्षा कितीतरी लहान. पण कागद वाचून यायची आणि धाकट्याला आरोपी न म्हणता 'हे' म्हणायची, म्हणून मला आवडली. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं की याला खटला समजत नसेल तर खटला चालवता येत नाही, कायदाच तसा आहे. मला वाटलं, सुटलो. न्यायाधीश साहेबांनी त्याला पिंजऱ्यात उभं केलं आणि विचारलं, नाव काय? त्याने पूर्ण नाव सांगितलं. गाव? सांगितलं. घरी कोण कोण? माय, दादा, वहिनी, दोन लेकरं, आणि बाई आरमोरीले मास्तरीण आहे. काम काय करतो? म्हशी चारतो साहेब. आणि शेवटी, कोणी न सांगता, हात जोडून नमस्कार.

साहेबांनी लिहिलं की आरोपी प्रश्नांची समर्पक उत्तरं देतो.

मला ओरडावंसं वाटलं. ही सगळी उत्तरं मी त्याच्याकडून घोटून घेतली होती. तो लहान असताना एकदा बाजारात हरवला आणि त्याला गावाचं नाव सांगता येईना, तेव्हापासून दर सुट्टीत मी त्याला ओसरीवर बसवून हेच प्रश्न विचारत आले. नाव, गाव, घरी कोण, नमस्कार कर, रांगेत उभा राहा, मोठ्यांनी विचारलं तर हो म्हण, उलट बोलू नको. चार माणसांत त्याला कोणी हसू नये म्हणून मी त्याला इतकं नीट शिकवलं होतं की आता तो चार माणसांत उठून दिसत नव्हता. बाहेर पडताना तो आनंदात होता. "बाई, मी सारं बरोबर सांगतलं नं?" मी म्हटलं, हो रे, सगळं बरोबर. आणि नळावर जाऊन तोंड धुतलं.

पुढच्या तारखेला आरोप वाचून दाखवला आणि गुन्हा कबूल आहे का असं विचारलं. त्याने लगेच हो म्हटलं. मोठ्यांनी विचारलं होतं, तो नाही कसा म्हणेल? वकीलबाई उठून मध्ये पडल्या, त्याला तज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवा म्हणून हटून बसल्या, आणि बऱ्याच घासाघिशीनंतर साहेबांनी ते ऐकलं.

डॉक्टरांनी तपासलं. त्यांचा कागद यायच्या आधी कोर्टात माझीही साक्ष झाली. तो काय काय करू शकत नाही, हे मला सांगायचं होतं. त्याच्यासमोर. वकीलबाई विचारत गेल्या, मी सांगत गेले. त्याला सुटे पैसे कळत नाहीत. त्याला घड्याळ कळत नाही. तो एकटा बसने जाऊ शकत नाही. समोर बसलेले कोण, ते काय ठरवणार आहेत, हे त्याला माहीत नाही. जेल म्हणजे शिक्षा हेही त्याला ठाऊक नसावं. मी त्याच्याकडे न बघता बोलत होते. मला वाटलं होतं तो ऐकत नसेल. परतीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला नाही. मागच्या सीटवर दादाजवळ जाऊन बसला आणि सबंध रस्ता खिडकीबाहेर बघत राहिला. उतरताना म्हणाला, "तू सांगतलं का मले काईच येत नाई. मले येते." त्याचं म्हणणं खरं होतं आणि माझं म्हणणंही खरं होतं, आणि कोर्टात फक्त माझंच चालणार होतं. मला स्वतःची इतकी चीड आली की त्या रात्री मी जेवले नाही.

डॉक्टरांचा कागद आला. हा आजार नाही, बुद्धीची वाढच कमी आहे, जन्मापासून आहे, हा माणूस स्वतःचा बचाव करू शकत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मला परत वाटलं, सुटलो. आणि परत मी मूर्ख ठरले. कारण आता खटला थांबला. थांबला म्हणजे संपला नाही. आरोपी बचाव करण्याजोगा होईल तेव्हा पुढे चालवू, तोवर उभा. मधून मधून त्याला दवाखान्यात पाठवायचं आणि सुधारणा आहे का ते विचारायचं.

सुधारणा! दर खेपेला नवा क्लार्क असायचा आणि तोच प्रश्न विचारायचा, आता कसा आहे, गोळ्या घेतो का? एकदा माझा तोल गेला. मी म्हटलं, अहो, तुमची उंची वाढावी म्हणून तुम्ही गोळ्या घेता का? त्यावर पुढच्या तारखेचा कागद द्यायला त्याने मला दुपारपर्यंत ताटकळत ठेवलं. दोष त्याचा एकट्याचा नव्हता. वेड लागतं आणि वेड जातं, हे कोर्टाला समजतं. वेड नसून माणूस असाच आहे आणि असाच राहणार, यासाठी कोर्टाकडे जणू खुर्चीच नव्हती. बरा हो, मग तुझं ऐकू, असं ते त्याला सांगत होते. आणि तो दर तारखेला हसून 'हजर साहेब' म्हणत होता.

एक दिवस व्हरांड्यात मी वकीलबाईंवर भडकले. म्हटलं, पण त्याने हे केलेलंच नाही. तो बटणाला हात लावत नाही. लहानपणी ओल्या हाताने विहिरीवरच्या मोटारीची पेटी धरली आणि फेकला गेला, तेव्हापासून घरातला पंखासुद्धा तो लावत नाही, अंधारात बसून राहतो पण दिवा लावत नाही. तो जिवंत तार लावेल? हे सांगा ना तुमच्या साहेबांना!

वकीलबाई म्हणाल्या, "ताई, हा बचाव झाला. बचाव खटल्यात सांगायचा. खटला चालायला यांना तो समजला पाहिजे."

"म्हणजे त्याला समजत नाही म्हणून तो निर्दोष आहे हे कधीच सांगता येणार नाही?"

"सध्या तरी असंच आहे." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "आणि हे सांगितलं की पुढचा प्रश्न येणारच. मग तार लावली कोणी?"

दादा पलीकडच्या बाकावर डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. तो प्रत्येक तारखेला यायचा. धाकट्याला भूक सहन होत नाही म्हणून डबा आणायचा. मी पुन्हा चकरा मारायला लागले.

ही अशी वर्षं गेली. वनखात्याचा साहेब बदलला, सरकारी वकील बदलले, माझी माय गेली. शेवटी न्यायाधीशही बदलले आणि एक मॅडम आल्या. बाहेरगावच्या होत्या, बोलणं स्वच्छ, पुस्तकी. त्यांनी आमचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाल्या की मला या माणसाला स्वतः बघायचं आहे. त्याला पिंजऱ्यातून बाहेर काढलं, पुढे खुर्ची दिली, मला त्याच्या शेजारी उभं केलं. नाव-गाव त्यांनी विचारलंच नाही. विचारलं, तुझ्या म्हशींची नावं काय? तो खुलला. कोणती मारकी, कोणती गाभण, सगळं सांगत सुटला. मॅडम हसत होत्या. मी मात्र घामाने भिजले होते. कोणी आपल्या माणसाशी गोड बोलू लागलं की मला हल्ली भीतीच वाटते.

मग त्यांनी विचारलं, "शेतात तार लावली होती, ती कोणी?"

तो लगेच ताठ झाला. "तार मी लावली साहेब. चूक झाली साहेब."

"कशी लावली?"

"तार मी लावली साहेब. चूक झाली साहेब."

"बरं. आधी काय केलं, मग काय केलं?"

त्याने तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं, त्याच चालीत. मॅडमनी पेन खाली ठेवलं. दुपारची वेळ होती, मघाशी गेलेली लाइट नुकतीच परत आली होती, पण आमच्या डोक्यावरचा पंखा बंदच होता. त्यांनी तो बघितला आणि सहज बोलल्यासारखं त्याला म्हणाल्या, "उकडतंय ना? ते मागचं बटण दाब बरं जरा."

तो खुर्चीतून उठला आणि माझ्या पाठीमागे येऊन लपला. एवढा मोठा पुरुष, माझा पदर मुठीत धरून. "नाई. करंट आहे. मी नाई लावत." आणि मग कोणी विचारलं नसताना, नेहमीसारखं, घरी सांगतो तसं, "दादा लावते."

सरकारी वकिलांनी फाइलमधून मान वर काढली. टायपिंग थांबलं. मॅडमनी त्याला पुढे काही विचारलं नाही. त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही बहीण ना? हे खरं आहे?"

मला त्यांचा राग आला. एवढ्या सगळ्या माणसांत, एवढ्या सगळ्या वर्षांनंतर, विचारायला यांना मीच सापडले. मागे वळून बघितलं. दादा शेवटच्या बाकावर होता, पिशवी मांडीवर, नजर जमिनीवर. मी म्हणाले, "खरं आहे मॅडम. तो विजेच्या कशालाच हात लावत नाही. घरातलं ते सगळं…" पुढचे दोन शब्द जिभेवर होते आणि ते बाहेर येईनात. माझ्या फीसाठी ज्याने बैल विकला त्याचं नाव मी कसं घेऊ? आणि नाही घेतलं तर माझ्या पाठीशी लपलेल्याला काय म्हणू?

मला ते बोलावं लागलं नाही. दादा उभा राहिला. "मी करतो मॅडम," तो म्हणाला.

वकीलबाईंनी त्याला खुणेने बसायला सांगितलं. मॅडमनीही हात वर करून थांबवलं, तुम्ही इथे काही बोलायला बांधील नाही, आधी वकिलांचा सल्ला घ्या, असं दोनदा समजावलं. तो ऐकेना. इतकी वर्षं गप्प राहिलेला माणूस एकदा सुटला की सुटतोच.

"तार मीच लावली होती मॅडम. याले त्यातलं काईच मालूम नाई. हे बोलनं आमीच शिकवलं याले. आमी म्हटलं, तुमी याले पाह्यसान अन् सोडून देसान."

"असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

दादाने आजूबाजूला बघितलं, जणू ते सांगणारे तिथेच कुठेतरी बसले असावेत. "सारेच म्हनत होते," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. मी रडत होते आणि मला लाज वाटत नव्हती. मला सुटल्यासारखं वाटत होतं आणि त्याच वेळी वहिनीचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

पुढचं सगळं कागदांनी केलं. चौकशी नव्याने लागली, जबाब झाले, दादा वकिलाबरोबर जाऊन स्वतः हजर झाला. धाकट्यावरचा खटला काढून टाकायलाही पुन्हा तारखा पडल्या, पण आता त्या तारखांना शेवट दिसत होता. गावात मला कोणी वाईट बोललं नाही. ओसरीवरचे ते म्हातारे मात्र माझ्याशी बोलायचे बंद झाले. वहिनी बोलते, कामापुरतं. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी अजूनही दिलेलं नाही, ते दादाने दिलं, हे तिलाही कळतं.

दादाला कोर्टातून जेलकडे नेलं त्या दिवशी धाकट्याला सोबत न्यायचं नाही असं माझ्या मनात होतं. पण तो इस्त्रीचा शर्ट घालून सकाळीच तयार होऊन बसला. कोर्टात जायचं म्हणजे त्याचंच काम, असं त्याला वाटत होतं. आवारात पोलिसांची गाडी उभी होती. वहिनी लेकरांना घेऊन झाडाखाली उभी होती. दादाने आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि तो गाडीत चढायला लागला, तेवढ्यात धाकटा माझा हात सोडून पळाला. पोलिसाने अडवायच्या आत त्याने दादाचा दंड धरला.

मला वाटलं, आता हा रडणार, नको जाऊ म्हणणार. तो रडला नाही. त्याला घाई झाली होती. दादाला गाडी निघायच्या आत सगळं सांगून व्हायला पाहिजे, अशी घाई.

"दादा, आयक. तिथी जेलात सकाळी मानसं मोजतेत. दोघं दोघं मिळून बसा लागते. एकटा नको बसजो. मले जोडी नाई भेटली, मी एकटा बसलो, तं मारलं मले. मंग रोजच मारे. तू पयलेच कोनाले तरी धरून ठेवजो."

जेलमधून सुटून आल्यापासून इतक्या वर्षांत तो याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. आम्ही कोणी विचारलंही नव्हतं, म्हशींबद्दल बोलायचा म्हणून बरा असेल असं धरून चाललो होतो. दादाचा एक पाय गाडीच्या पायरीवर होता. तो तसाच उभा राहिला. पोलीस म्हणाला, चला भाऊ. दादा हलेना. मग धाकट्यानेच त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला वर चढवलं.

"भेवू नको गा," तो म्हणाला, "मी आहो घरी."